परक्या मैदानावरचा गोल

विहीणबाई,

दुःखाचं नंतर बघू. आधी भांडण.

नाशकाहून फोन आला तेव्हा मी तुमच्या प्राजक्तासाठी पेज चढवली होती. तुमच्या लेकाने, मंदारने निखिलला सांगितलं, निखिलने मला, आणि आता प्राजक्ताला कोणी सांगायचं म्हणून आम्ही मायलेक ओट्यापाशी एकमेकांची तोंडं बघत उभे राहिलो. झोपेतच गेलात म्हणे. सकाळी चहाला उठला नाहीत. माझ्या मनात पहिलं काय आलं असेल? लोकांना सांगते की 'अरेरे' आलं. खरं आलं ते असं: पळाली. दुसरा सामना व्हायच्या आधी पळाली.

इथल्या, जर्मनीतल्या मराठी मंडळींचा एक अंक निघतो. त्यांनी निखिलला गाठून सांगितलं, आईंना विहीणबाईंवर दोन शब्द लिहायला सांगा, प्रेमळ स्वभाव, अगत्य, असं काहीतरी. मी हो म्हटलं. पण तुमचा स्वभाव प्रेमळ होता असं मी लिहिणार नाही, हात झडेल माझा. तुम्ही जन्मभर शाळेत गणित शिकवलंत आणि माणसांशीही तशाच वागलात, सदा हातचा राखून. त्या हातच्यापायी मी पहिल्या नातीच्या जन्माला मुकले. ते मी विसरलेले नाही. तुम्ही गेलात म्हणून विसरेन अशी तुमची समजूत असेल, तर तिथे बसून नीट ऐका.

तेव्हाची मी कशी होते ते आठवतं ना? आजी व्हायला निघालेली, सावंतवाडीहून निघून पहिल्यांदाच विमानात बसलेली, बॅगेत कोकम, कुळथाचं पीठ, बाळंतकाढ्याची बाटली, अकलेखेरीज सगळं भरून आणलेली बाई. नेकारसुल्मला निखिल मोटारीच्या कारखान्यात इंजिनियर, वरच्या मजल्यावर दोन खोल्यांचं भाड्याचं घर, खाली घरमालक हेर केसलर, हेर म्हणजे इथले श्रीयुत, त्याच कारखान्यातून निवृत्त झालेले. मला वाटलं, मी उतरले की जर्मनी उठून उभी राहील. उतरले, तर स्वयंपाकघरात तुम्ही. आदल्याच आठवड्यात येऊन डबे लावून बसलेल्या.

पहिलं बाळंतपण माहेरी, हे कोणी नाकारत नव्हतं. पण डॉक्टरीणबाईंनी प्राजक्ताला विमानात बसायची बंदी केली, तेव्हा माहेरच उठून जर्मनीत आलं. तुमचं म्हणणं, मुलीची आई जिथे उभी तिथे माहेर. माझं म्हणणं, दारावर पाटी माझ्या मुलाची, म्हणजे घर सासरचं, आणि सासरच्या घरात सासू असताना विहिणीने चुलीचा ताबा घ्यायचा ही कुठली रीत? रीत कोणालाच माहीत नव्हती. आपल्या आज्यापणज्यांपैकी कोणी नेकारसुल्मला बाळंतपण केलेलं नव्हतं, विचारणार कोणाला?

मग काय, तुम्ही आमटीत गूळ टाकायचा, मी तुमची पाठ फिरली की कोकम टाकायचं. तुम्ही पुन्हा गूळ. निखिल बिचारा दोघींची स्तुती करत ती आमटी गिळायचा. तुम्ही प्राजक्ताला फिरायला न्यायचं, मी तिला झोपवायचं. तिचा रक्तदाब चढला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हिला घरात शांतता हवी. निखिल त्या दिवशी कामावरून आला, बूटही काढले नाहीत, आणि माझ्या पोटचा पोरगा माझ्याशी जन्मात बोलला नव्हता तसा बोलला. दोघींपैकी एकीनेच राहायचं, दुसरीने बाळंतपणाआधी परत जायचं, आणि कोणी जायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.

आपण ठरवणार? दोघी एकमेकींना 'तुम्ही राहा हो' म्हणत होतो आणि बॅग कोणीच काढत नव्हतं.

फुटबॉल आपल्या आयुष्यात शिरला तो हेर केसलरांच्या बहिऱ्या कानांमुळे. युरोपभरच्या क्लबांची ती मोठी स्पर्धा बाद फेरीत आली होती, आणि खालून टीव्ही असा गर्जायचा की आपल्या ताटल्या हलायच्या. वर बसून आवाज ऐकण्यापेक्षा खाली जाऊन बघा, म्हणून निखिलने आपल्याला तिथे नेऊन बसवलं. प्राजक्ताला तेवढाच विसावा. बाद फेरीत प्रत्येक जोडीचे दोन सामने असतात, एक आपल्या गावात, एक त्यांच्या, आणि दोन्हींचे गोल मिळवून ज्याचे जास्त तो पुढे, एवढं हेर केसलरनी मला बोटांवर समजावलं. एवढ्यावर मी पंडित झाले. तुम्ही जर्मन क्लब धरलात, जावयाच्या देशाचा म्हणून. मी पाहिलं की तुम्ही जर्मन, आणि तत्क्षणी मी पोर्तुगीज झाले.

पोर्तुगीज! माझे सख्खे काका गोव्याच्या सत्याग्रहात त्यांच्या लाठ्या खाऊन आले होते, पाठीवरचे वळ मरेपर्यंत पाहुण्यांना दाखवायचे. आणि त्यांची ही पुतणी पोर्तुगीज गोलकीपरला 'बाळा, सांभाळ रे' म्हणत सोफ्याच्या कडेवर बसलेली. मी तुम्हाला म्हटलंही होतं, गोवा आमच्या शेजारचा, तेव्हा ही आमची माणसं. विहिणीच्या वैरात माणूस कोणत्या थराला जातो बघा, मी साम्राज्याला जाऊन मिळाले.

तुमचा क्लब आणि माझा क्लब उपांत्य फेरीत समोरासमोर आले, तेव्हा निखिल वैतागून म्हणाला, आता मॅचवरच ठरवा एकदाचं, जिचा संघ बाहेर तिने घरी जायचं. तो टोमणा मारत होता. तुम्ही मात्र लगेच म्हणालात, मला चालेल. गणिताच्या बाईंना काही इतक्या झटकन चालतं, तेव्हा पाटी पुन्हा एकदा तपासून बघावी, एवढं मला कळायला हवं होतं. मी उलट वर मान करून म्हणाले, मला तर धावेल.

पहिला सामना जर्मनीत, शून्य-शून्य. दुसरा पोर्तुगालमध्ये. त्या दुपारी मी ओट्याशी गेले तर देवघराच्या कप्प्यातला बाळकृष्ण, तुम्ही लग्नात लेकीबरोबर दिलेला, वाटीत गळ्यापर्यंत बुडालेला. जर्मनांसाठी तुम्ही देव पाण्यात घातले होते. मी काय मागे राहते? दुसरी वाटी घेतली आणि माझा गणपती पोर्तुगिजांसाठी बुडवला. हेर केसलर काहीतरी द्यायला वर आले, दोन वाट्यांत दोन देव पाहिले, आणि आपण देव असे भिजत घालून मग घासतो अशी समजूत करून घेऊन आदराने मागच्या मागे खाली गेले.

पुढचं लिहिताना अजून कान तापतात. पहिल्या अर्ध्यात जर्मनांनी गोल केला. तुम्ही नुसता पदर नीट केलात. मी तासभर बोटं मोडत बसले. आणि अगदी शेवटी, सगळं संपत आलेलं असताना, माझ्या पोर्तुगिजांनी परतफेड केली. एक-एक. बरोबरी! मी उठले आणि नाचले, विहीणबाई. बावन्न वर्षांची, गुडघ्यात तेल चोळणारी बाई हेर केसलरांच्या गालिच्यावर गिरकी घेऊन नाचले. बरोबरी म्हणजे कोणीच हरलं नाही, म्हणजे पैज रद्द, म्हणजे दोघी राहणार, असं माझं सरळ गणित. वरून साखरेची वाटी आणली, निखिलच्या तोंडात घातली, हेर केसलरांच्या तळहातावर ठेवली. ते साखरेकडे असे बघत राहिले की जणू मी त्यांच्या हातावर औषधाची पूड ठेवली आहे. तुमच्याही हातावर ठेवली. तुम्ही घेतलीत. खाल्लीतसुद्धा.

मग शिट्टी वाजली. जर्मन एकमेकांच्या अंगावर उड्या मारू लागले आणि माझे पोर्तुगीज गवतावर लोळून रडू लागले. मी निखिलला विचारलं, हे का रडतायत रे, बरोबरी झाली ना? तो तुमच्याकडे बघत होता.

तुम्ही ओठावरची साखर पुसलीत आणि शाळेतल्या आवाजात म्हणालात, "बरोबरी झाली तर परक्या मैदानावरचा गोल मोठा धरतात, विहीणबाई. जर्मनांनी तो पोर्तुगिजांच्या घरी जाऊन केला."

"तुम्हाला हे माहीत होतं?"

"पैज लावायच्या आधीपासून."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

तुम्ही विचारलं नाहीत! हे तीन शब्द मी सावंतवाडीपर्यंत चावत गेले. हवाई सुंदरीने काय खाणार विचारलं तर तिच्यावरही चिडले. साखर तरी थुंकायचीत हो. माझ्या मूर्खपणाची साखर मिटक्या मारत खाल्लीत आणि मग मला घरी पाठवलंत, तेही स्वतः माझी बॅग भरून देऊन, साड्यांच्या घड्या माझ्यापेक्षा चांगल्या घालून.

इराचा जन्म झाला तेव्हा मी बावीवर पाणी ओढत होते. फोन वाजला, धावत आले, तर पलीकडे कोणी बोलेच ना. नुसता टाहो. तान्ह्या बाळाचा, कोवळा, चिडका टाहो, कितीतरी वेळ. मग तुमचा आवाज, "ऐकलंत? तुमच्यासारखीच भांडखोर आहे." नंतर मला प्राजक्ताकडून कळलं की तुम्ही तो फोन आपल्या यजमानांच्याही आधी मला केला होता. त्याबद्दल मी तुम्हाला कधी काही म्हटलं नाही. मला वाटलं होतं, मला रडवायला मुद्दाम केलात. आता वाटतं की रडवायलाच केलात, पण तुम्हाला एकटीला रडायचं नव्हतं म्हणून. असो. हे आभार नव्हेत. एक गोल तुमच्या नावावर लिहिते, एवढंच.

सूड मी घेतलाच. इरा तीन वर्षांची होणार होती, तुम्ही तिच्या वाढदिवसाला येणार होतात. मी महिनाभर आधी फोनवरून तिला पढवलं. पोरीला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र ती जर्मनमध्ये देते, म्हणून मी तिला तिच्याच भाषेतला शब्द शिकवला, हेर केसलरांकडून मिळवलेला. तुम्ही हात पसरून तिला उचलायला वाकलात की ती बोट दाखवून ओरडायची, "आबझाइट्स!" म्हणजे ऑफसाइड, आजी ऑफसाइड, मागे हो. आठवडाभर तुम्ही वाकायचात आणि ती तुम्हाला ऑफसाइड द्यायची. शेवटी तुम्ही मला फोन करून म्हणालात, तुमची पंच फार कडक आहे. मी इतकी हसले की सोलकढी ठसक्यात नाकातून आली.

दर वसंतात बाद फेरी सुरू झाली की नाशिक-सावंतवाडी फोन वाजू लागायचे. तुम्ही ज्याच्या बाजूने, मी त्याच्या विरुद्ध, एवढा एकच माझा अभ्यास. तुमचे यजमान गेले त्या वर्षीही मी फोन केला होता. सांत्वनाची वाक्यं मला जमत नाहीत, म्हणून मी भलतंच उपउपांत्य फेरीतल्या पेनल्टीबद्दल बडबडायला लागले आणि मध्येच जीभ चावली. तुम्ही म्हणालात, "थांबू नका. कोणी चुकवली ते सांगा." मी सगळ्या पेनल्ट्या सांगितल्या, ज्या बघितल्या नव्हत्या त्यासुद्धा. तुम्हाला ते कळलं असणार. तुम्ही दुरुस्त केलं नाहीत, आणि गणिताच्या बाईंच्या हिशेबात ती फार मोठी गोष्ट.

म्हणून तर या वेळी प्राजक्ताला पुन्हा दिवस गेल्याचं कळलं तेव्हा मीच तुम्हाला फोन केला. म्हटलं, परतीची लढत. तोच नियम, जिचा संघ बाहेर ती बाळंतपणाआधी घरी. आणि यंदा मला सगळे नियम तोंडपाठ आहेत, परक्या मैदानासकट. तुम्ही म्हणालात, बघा हं, मी जर्मनांनाच धरणार. मी इटलीवाल्यांना धरलं, पोर्तुगिजांनी एकदा माझा घात केलेला होता. मी पुढे येऊन बसायचं, तुम्ही मागून यायचं, असं ठरलं. घर अजून तेच, दोन खोल्यांचं, आता त्यात इराही.

पहिला सामना जर्मनीत झाला, दोन-एक, तुमचे जिंकले. दुसऱ्या दिवशी सकाळी तुमचा फोन, विहीणबाई, बॅग काढली का? मी म्हटलं, इटलीत आम्ही एक घातला आणि एकही खाल्ला नाही की दोन-दोन, आणि तुमच्या घरात घातलेला आमचा गोल मोठा. शिकले मी तुमच्याकडून. तुम्ही म्हणालात, विद्यार्थिनी तयार झाली म्हणायची. आपलं शेवटचं बोलणं ते. त्यानंतर तुम्ही झोपलात आणि उठला नाहीत.

प्राजक्ताला मीच सांगितलं. ती पलंगाच्या काठावर बसली आणि म्हणाली, बरं. बस, एवढंच. आठवा महिना संपत आलेला, विमानात बसता येत नाही. तिकडे मंदारने सगळं केलं, इकडे ही पोटावर हात ठेवून खिडकीतून नेकार नदीकडे बघत बसलेली. जेवायला दिलं तर जेवत होती, बोललं तर उत्तर देत होती. रडली नाही. मला त्या रडण्याची भीती नव्हती, न रडण्याची होती. निखिलही घाबरला. हेर केसलर काळा कोट घालून वर आले, तिचा हात हातात घेऊन 'बायलाइड' म्हणाले, इथल्या लोकांचं दुखवट्याचं तेवढंच असतं. तिने त्यांनाही नीट, शांतपणे आभाराचं 'डांके' म्हटलं.

आणि तुमचा दहावाही झाला नव्हता तेव्हा तो दुसरा सामना आला. मी बघणार नव्हतेच. पण संध्याकाळी प्राजक्ता उठली, शाल घेतली आणि म्हणाली, अहो आई, खाली जाऊ या, आज मॅच आहे. मी म्हटलं, अगं आत्ता, या दिवसांत? ती म्हणाली, आईने बघितली असती. घरात दुखवटा असल्यामुळे देव पाण्यात घालायचे नव्हते, त्यामुळे दोन्ही संघ आपापल्या पायांवर.

विहीणबाई, माझ्याकडून साळसूदपणाची अपेक्षा ठेवू नका. इटलीने पहिला गोल घातला तेव्हा माझ्या छातीत फटाके उडाले. एक-शून्य, मिळून दोन-दोन, आणि परक्या मैदानावरचा गोल आमचा! तुमच्याच नियमाने, तुमच्याच शाळेत, तुम्हाला चीत केलं. मी मनात तुम्हाला काय काय म्हणत होते ते छापण्याजोगं नाही. सहा-सात वर्षं राखलेला सूड माझ्या तोंडात विरघळत होता. बसा आता, म्हटलं, तुम्ही विचारलं नाहीत, मी सांगितलं नाही.

शेवटची काही मिनिटं उरली होती. जर्मनांचा एक पोरगा, ज्याला सबंध सामन्यात धड एक पास देता आला नव्हता, त्याच्या गुडघ्याला लागून चेंडू आत गेला. एक-एक. मिळून तीन-दोन. नियमाची गरजही राहिली नाही.

हेर केसलर सवयीने उठले, मग आम्हाला बघून पुन्हा बसले. प्राजक्ता टीव्हीकडे बघत हळूच म्हणाली, "हा आईने घातला."

माझंही तेच मत होतं. तुमच्याखेरीज इतका निर्लज्ज गोल दुसरं कोण घालणार?

सामना संपला. तिने माझ्याकडे वळून बघितलं, त्या दिवसांत पहिल्यांदाच सरळ डोळ्यांत. "अहो आई, पैज हरलात तुम्ही. आता जाणार?"

ती थट्टा करत होती असं समजायला मी मोकळी होते. पण तिची बोटं माझ्या पदराचं टोक धरून होती, आणि तिला ते ठाऊक नव्हतं.

"कोण हरलं?" मी म्हटलं.

"तुम्ही. तीन-दोन."

"मला गणित येत नाही, बाळ."

ती हसली. हसता हसता तिचा आवाज चिरकला, आणि मग ती रडली, विहीणबाई, पोट सांभाळत, माझ्या मांडीवर डोकं ठेवून, तुम्हाला हाका मारत. मला नाही, तुम्हाला. हेर केसलर दिवा लहान करून आत निघून गेले. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत बसले आणि मला तुमचा असा राग आला, असा राग आला, की तुम्ही समोर असतात तर मी तुम्हाला गदागदा हलवून उठवलं असतं.

तर लेखी देते. तुम्ही जिंकलात. तेव्हाही आणि आताही. पैजेप्रमाणे माझी बॅग भरून दारात असायला हवी, आणि या घरात तुम्ही. ते खरं आहे, न्यायाचं आहे, हेर केसलर साक्षीदार आहेत.

पण मी जात नाही. तुमच्या लेकीचं बाळंतपण मी करणार. तिला न्हाऊ घालणार, शेगडी देणार, तिला रात्री जाग आली की उशाशी मी असणार. बाळाचा टाहो पहिला मी ऐकणार, आणि पलीकडून ऐकायला कोणी नसेल तरी नाशकाचा नंबर फिरवून तो तुमच्या रिकाम्या घरात वाजवणार. तिला आईकडून जे जे हवं, ते सगळं तुमच्या हक्काचं मी हिसकावून घेणार आहे. याला अन्याय म्हणतात हे मला कळतं. तुम्हाला सहन होत नसेल तर या, आणि माझ्या हाताला धरून मला घराबाहेर काढा. बघते, कशा येत नाही तुम्ही ते.